कुलवृत्तांताची पद्धती आणि वऱ्हाड : एक चिकित्सा

मराठीत वंशेतिहासाचे प्रमुख साधन म्हणून कुलवृत्तांताकडे पाहिले जाते. कुलमंडळे नवख्या अभ्यासकास वंशवृक्ष मांडण्याची रीत शिकवितात. मात्र ती आडनाव, वतन आणि पुरुषवंश यांवर उभी आहे. अमरावती-अकोला परिसरात ती अपुरी पडते. ‘देशमुख’ हे मुळात परगण्यातील वतनी अधिकारपद. पापळचे डॉ. पंजाबराव देशमुख (१८९८–१९६५) यांच्या घराण्याचे मूळ आडनाव कदम होते. एका आडनावाचे सर्वजण एकाच कुळातील मानणे म्हणूनच धोक्याचे ठरते.

दुसरी अडचण दप्तरांची. वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आले, १९०३ मध्ये मध्य प्रांतास जोडले गेले आणि १९५६ मध्ये मुंबई राज्यात समाविष्ट झाले. साहजिकच जुन्या कागदांचा माग हैदराबाद, नागपूर आणि मुंबई असा तिन्हीकडे काढावा लागतो.

ज्यांना वतन नव्हते, त्यांची नावे सनदांत आढळत नाहीत. गावच्या कोतवाल बुकातील जन्ममृत्यूच्या नोंदींत त्यांचा शोध घेता येतो. शेतमजुरांची घराणी व लेकींच्या शाखा वगळून सिद्ध झालेला वृत्तांत केवळ वतनाचा इतिहास ठरतो. वऱ्हाडातील अभ्यासकाने म्हणून आडनावाआधी गाव निश्चित करावे, हेच पद्धतीच्या दृष्टीने अधिक सयुक्तिक होय.