घरोटाचा खुंटा आणि पात्राचा सांगाडा
अहिराणी कार्टूनपटांच्या देहबोलीविषयी

धुळे-जळगावकडच्या मोबाइलवर गेल्या काही वर्षांत अहिराणी बोलणारी कार्टून पात्रे नांदू लागली आहेत. नवरा-बायकोचे भांडण, सासूचा टोमणा, पारावरचा थापाड्या, शाळा बुडवणारे पोर असे त्यांचे विषय. भाषा अस्सल असते. ‘डोळा’चा ‘डोया’ होतो, ‘काळा’चा ‘काया’ होतो आणि हेलही नेमका सापडतो. मी या चित्रफिती आवडीने पाहतो. तरी पाहताना एक विसंगती सतत खुपत राहते. आवाज अमळनेर-शिरपूरचा असतो आणि अंग कुठलेच नसते. बाई ‘माले काय माहीत’ म्हणते आणि दोन्ही तळवे वर करून, खांदे उडवून दाखवते. अशी खांदे उडवणारी बाई मी खान्देशातल्या कोणत्याही ओट्यावर पाहिलेली नाही. हे अंग कुठून आले, याचा शोध हा या लेखाचा विषय आहे.

त्यासाठी आधी या चित्रांची घडण समजून घ्यावी लागते. पूर्वी हालचाल दाखवायची तर प्रत्येक क्षणाचे चित्र वेगळे काढावे लागे. आता पात्र एकदाच काढतात. डोके, धड, दंड, हात, मांडी, पिंढरी असे तुकडे वेगळ्या थरांवर ठेवतात, प्रत्येकाचा सांधा ठरवतात आणि त्यांना एकमेकांशी जोडतात. मांडणी अशी, की दंड हलला की हात आणि पंजा त्याच्यामागे जावेत. यालाच रिगिंग म्हणतात. मी त्याला सांगाडा म्हणेन. पुढे काळरेषेवर मोजक्या जागी ठेवण नोंदवायची, ती ‘कीफ्रेम’. मधल्या जागा संगणक भरतो. 2007 साली आफ्टर इफेक्ट्समध्ये ‘पपेट’ हे साधन आले. त्यात सपाट चित्राला टाचण्या टोचून ते रबरासारखे वाकवता येते. मोहोसारख्या सॉफ्टवेअरमध्ये चित्रात हाडेच बसवतात.

सांधा जोडून सपाट आकृती हलवण्याची कल्पना जुनीच आहे. पिंगुळीच्या ठाकर कलावंतांच्या चामडी बाहुल्या त्याच कुळातल्या. जर्मनीत लोटे रायनिगर यांनी 1926 साली कापलेल्या काळ्या आकृत्यांचा पूर्ण लांबीचा चित्रपट केला. आपल्याकडे फाळक्यांनी त्याआधीच, 1915 च्या सुमारास, ‘आगकाड्यांची मौज’मध्ये काड्यांना चालते केले होते. तेव्हा थोडक्या भागांत, थोडक्या हालचालींत काम भागवणे यात कमीपणा मानायचे कारण नाही. पाध्यांच्या अर्धवटरावाला हलवायला किती थोडे अवयव होते! तरी प्रेक्षक त्याच्याशी वाद घालायचे. अमेरिकी दूरचित्रवाणीवरच्या योगी अस्वलाला कॉलर दिली, ती डोके धडापासून वेगळे हलवताना जोड दिसू नये म्हणून. आपल्याकडे तेच काम उपरणे करू शकते आणि गुडघ्याचा सांधा धोतराचा सोगा झाकू शकतो. काटकसरीतूनही शैली घडते.

माझा आक्षेप तयार सांगाड्याला आहे. बाजारात किंवा फुकट मिळणारे पात्र घ्यायचे, अंगावर लुगडे चढवायचे, कपाळाला कुंकू लावायचे. आत मात्र दोन सरळ नळ्यांसारखे पाय असतात, शर्ट-पँटसाठी आखलेले. चालताना लुगडे दुभंगल्यासारखे दिसते, कारण निऱ्यांचा घोळ हा स्वतंत्र अवयव आहे हे त्या सांगाड्याला ठाऊक नसते. हाताला टाळी, थप्पड, बोट दाखवणे आणि खांदे उडवणे एवढेच येते. मग कथाही तेवढीच उरते. पात्राला थप्पड आणि पडणे एवढेच जमत असेल, तर लेखक भांडण आणि दारुडा यांच्या पलीकडे जात नाही. दोष विनोदाच्या आवडीला देण्याआधी सांध्यांकडे पाहावे, असे मला वाटते.

ओठांच्या बाबतीत नुकसान त्या मानाने कमी आहे. आवाजावरून ओठ हलवणाऱ्या साधनांत डझनभर मुखाकृती असतात आणि त्या इंग्रजी उच्चारांवरून आखलेल्या असतात. पण ट, ड, ण हे आपले उच्चार जिभेने तोंडाच्या आत घडतात. बाहेरून ते त, द, न यांच्यासारखेच दिसतात. एक जागा मात्र अडते, ती ‘फ’ची. गावाकडचा ‘फ’ दोन्ही ओठ मिटून फुटतो. यंत्र वरचे दात खालच्या ओठावर टेकवते. ‘फुल’ म्हणणारी आजी त्या क्षणी शहरी होते. एवढी दुरुस्ती हाताने करता येते. अंगाची दुरुस्ती इतकी सोपी नाही.

ती का अवघड आहे, ते घरोटावरून, म्हणजे जात्यावरून, चांगले कळते. सांगाड्याचा हात दोन रीतींनी हलवता येतो. पहिल्या रीतीत खांदा फिरवायचा, मग कोपर, मग मनगट. दुसरीत पंजा कुठे हवा ते सांगायचे आणि कोपर कुठे जाईल हे संगणकाने काढायचे. दळण दुसऱ्याच रीतीचे आहे. खुंटा फिरतो, हात त्याला बांधलेला असतो आणि उरलेले अंग मागून येते. बाजूने पाहिले तर खुंट्याचे वर्तुळ चपटे, लंबगोल दिसते. तयार पात्राला असे दळायला बसवा. खुंटा दूरच्या टोकाला जाताच हाताची लांबी संपते, कोपर ताठ होते आणि पंजा खुंट्यापासून सुटतो. घाईतला कारागीर मग हात रबरासारखा ताणण्याची सोय चालू करतो. हात पोचतो, पण ती बाई दळत नाही.

दळणाऱ्या बाईचे उत्तर वेगळे असते. तिचा एक पाय लांब पसरलेला, दुसरा दुमडलेला; बैठक पक्की. खुंटा दूर गेला की ती कमरेतून पुढे झुकते, जवळ आला की पाठ सरळ करते. हाताची उणीव कंबर भरून काढते. म्हणून सांगाड्यात पसरलेला पाय जमिनीला खिळवावा लागतो, कमरेचा सांधा खुंट्याच्या जागेशी जोडावा लागतो आणि ओढताना नि ढकलताना वेग सारखा ठेवून चालत नाही. या झुकण्या-सावरण्याच्या लयीवरच ओवी बसलेली आहे. कंबर हलली नाही तर ओवीचा श्वास कुठून निघाला हे पाहणाऱ्याला कळत नाही.

आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींची कविता माझ्या मते याच कमरेतून आली. लिहिता-वाचता न येणाऱ्या या बाईची गाणी सोपानदेवांमुळे टिकली आणि 1952 साली, तिच्या मृत्यूनंतरच्या वर्षी, ग्रंथरूपात आली. आपण तिच्या तत्त्वज्ञानाबद्दल पुष्कळ लिहिले. त्या शब्दांमागे दळणारे, निंदणारे, पेरणारे शरीर आहे, हे त्या मानाने कमी लिहिले. तिच्यावर कोणी चलच्चित्र करायला घेतले आणि तयार सांगाड्यालाच लुगडे नेसवले, तर शब्द तिचे राहतील आणि कष्ट नाहीसे होतील.

कापूस वेचणीचेही तसेच. कमरेच्या ओटीत कापूस भरत जातो तशी चाल बदलते. सपाट चित्राला वजन नसते. ते तोलातून सुचवावे लागते. रिकाम्या आणि भरल्या ओटीची बाई एकाच चालीने चालली, तर दिवसभराची मजुरी पडद्यावरून पुसली जाते.

एकट्याने, रात्री जागून, तुटपुंज्या साधनांवर या चित्रफिती करणाऱ्यांकडून ही अपेक्षा जास्त आहे का? मला तसे वाटत नाही. जळगाव जिल्ह्यातल्या चाळीसगावात केकी मूस यांनी घराबाहेर फारसे न पडता टेबलावर छोट्या वस्तू मांडून खरे भासणारे देखावे टिपले. त्यांची साधने थोडी होती आणि निरीक्षण मोठे होते. शिवाय सांगाडा एकदाच बांधायचा असतो. दळणाऱ्या, वेचणाऱ्या, उकिडवे बसून बिडी ओढणाऱ्या माणसाचे पाच-सहा सांगाडे कोणी नीट बांधून सर्वांना वापरायला दिले, तर पुढच्या शंभर गोष्टी त्यांवर उभ्या राहतील.

सुरतेत किंवा पुण्यात वाढणारी खान्देशी मुले अहिराणी आता आजीइतकीच या पडद्यावरूनही ऐकतात. त्यांना घरोट पाहायला मिळणार नाही. भाषा त्यांच्या कानांवर पडते आहे, याचे श्रेय या कारागिरांना निःसंशय आहे. पण ती बोलणारे माणूस बसायचे कसे, वाकायचे कसे, ओझे उचलायचे कसे, हेही त्याच चित्रांतून त्यांच्यापर्यंत जाणार आहे. निदान कंबर तरी आपली असावी.