वाक्यविश्लेषण : वृक्ष की ग्राफ?

वाक्याचे विश्लेषण संगणकाच्या स्वाधीन करावयाचे, तर ते कोणत्या रचनेत साठवावयाचे हे आधी ठरवावे लागते. वृक्ष आणि ग्राफ हे त्यासाठीचे दोन प्रमुख पर्याय होत. वृक्षात मूळ बिंदू वगळता प्रत्येक बिंदूला एकच पालक असतो. ग्राफला हे बंधन नाही. २०१५ पासून प्रकाशित होत असलेल्या ‘युनिव्हर्सल डिपेन्डन्सीज’ या बहुभाषिक योजनेने मूलभूत स्तरासाठी वृक्ष स्वीकारला असून, ग्राफ ‘विस्तारित’ स्तरावर ऐच्छिक ठेवला आहे. मराठीच्या दृष्टीने ही विभागणी कितपत युक्त आहे, हे पाहणे अगत्याचे आहे.

वृक्षाची सोय उघड आहे. प्रत्येक शब्दापुढे पालकाचा एकच क्रमांक लिहिला की नोंद पुरी होते. कोणत्याही दोन बिंदूंमध्ये मार्ग एकच असतो व चक्र संभवत नाही. ग्राफमध्ये मात्र आधी भेट दिलेल्या बिंदूंची खूण न ठेवल्यास आज्ञावली चक्रात सापडू शकते. म्हणून वृक्षावरून जे नियमाने काढता येते, त्यासाठी ग्राफ योजणे हा अपव्ययच ठरेल.

प्रश्न आहे तो जे नियमाने काढता येत नाही त्याचा. ‘सीता घरी येऊन झोपली’ या वाक्यात ‘सीता’ ही येण्याची व झोपण्याची, दोन्ही क्रियांची कर्ती आहे. वृक्षात ती केवळ ‘झोपली’ला जोडली जाते, ‘येऊन’ कर्त्यावाचून राहते. पाणिनीने क्त्वा प्रत्ययाचे विधान करताना (३.४.२१) दोन्ही क्रियांचा कर्ता समान असण्याची अट घातली आहे. ती मराठी ‘ऊन’ला निरपवाद लागू असती, तर दुसरा संबंध आपोआप काढता आला असता आणि वृक्ष पुरेसा ठरला असता. पण ‘पाऊस पडून रस्ते बंद झाले’, ‘त्याला येऊन दोन वर्षे झाली’ ही वाक्येही तितकीच मराठी आहेत. येथे समानकर्तृत्वाचा नियम यांत्रिकपणे लावला, तर रस्ते पडतील आणि वर्षे येतील! दुसरा संबंध प्रत्यक्ष नोंदवण्यावाचून गत्यंतर नाही.

योजनेच्या विस्तारित स्तरावर संयुक्त पदांचे सामाईक संबंध, संबंधी उपवाक्ये, क्रियापूरकांचे गृहीत कर्ते यांची तरतूद आहे. ‘ऊन’युक्त क्रियाविशेषणात्मक उपवाक्याच्या कर्त्याची मात्र नाही. ही उणीव ग्राफची नसून, त्यात काय नोंदवावे याच्या यादीची आहे. १९५९ साली मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात तेनिएरनेही संयुक्त पदांच्या आकृत्यांत एका पदाला दोन नियामक दिले होते, हे येथे लक्षणीय आहे.

तात्पर्य, निवडीचा निकष सोयीचा नसून अनुमेयतेचा असावा. मूलाधार म्हणून वृक्ष राहू द्यावा. परंतु ‘ऊन’च्या कर्त्याचा संबंध मराठीच्या नोंदीत ऐच्छिक मानू नये. अन्यथा अशा सामग्रीवर शिकलेल्या यंत्राला, कोण आले आणि कोण झोपले, हे केवळ अंदाजाने ठरवावे लागेल.