'फोर्टिफाय' केलं म्हणजे बळ नेमकं कोणाला मिळालं?

पोषण, आहार किंवा शेती या विषयांत संशोधनाची तयारी करताय ना? मग एक इंग्रजी क्रियापद तुम्हाला वारंवार भेटणार: 'फोर्टिफाय'. शब्दकोशात 'मजबूत करणे, बळकट करणे, तटबंदी करणे' असे अर्थ मिळतात आणि त्यातला एक उचलून आपण सिनॉप्सिसमध्ये टाकतो. माझं म्हणणं असं की इथे घाई केली तर भाषांतर बिघडतंच, पण त्याच्यासोबत तुमचा दावाही बिघडतो. आणि हे पटवायला लांब जायला नको. परभणीच्या कृषी विद्यापीठाची एक ज्वारी पुरते.

आधी क्रियापद बघू. लॅटिन 'फोर्टिस' म्हणजे बळकट, त्याला 'करणे' जोडून हा शब्द झाला. जुना ठळक वापर लष्करी. कंधारचा किल्ला डोळ्यांपुढे आणा, भोवतीचा रुंद खंदक आठवा. खंदक खणल्याने आतल्या शिपायाच्या दंडात जोर येत नाही. बळ येतं ते जागेला, आणि तेही हल्ला होईल असं गृहीत धरून, आधीच. ब्रँडी घालून तयार होणाऱ्या पोर्ट किंवा शेरीलाही इंग्रजीत 'फोर्टिफाइड वाइन' म्हणतात. तिथे वाढतं ते मद्याचं प्रमाण. म्हणजे दर वेळी विचारायचं: काय घातलं, कशात घातलं आणि कशाचं प्रमाण वाढलं?

याची भावंडं वेगळी आहेत, गोंधळ करू नका. 'स्ट्रेंग्थन' फक्त बळ वाढलं एवढंच सांगतं, कसं ते सांगत नाही. 'रीइन्फोर्स'मध्ये आधार जोडलेला असतो. काँक्रीट दाब सोसतं पण ताण सोसत नाही, म्हणून आत सळई. मानसशास्त्रात त्यालाच 'प्रबलन' म्हणतात आणि तिथे बळकट होते ती वर्तणूक, माणूस नव्हे. नेट-सेटला 'ऋण प्रबलन म्हणजे शिक्षा' असं टिक करणारे दरवर्षी निघतात, ते इथेच घसरतात. 'कन्सॉलिडेट' म्हणजे विखुरलेलं एकत्र आणून घट्ट करणं. मराठीत या सगळ्यांना आपण 'बळकटीकरण' हा एकच शिक्का मारतो.

आता ज्वारी. २०१८ साली वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने इक्रिसॅटच्या साथीने 'परभणी शक्ती' हे वाण दिलं. लोह आणि जस्त वाढवलेलं देशातलं पहिलं ज्वारीचं वाण अशी त्याची ओळख. नेहमीच्या वाणांत किलोमागे सुमारे ३० मिलिग्रॅम लोह आणि २० मिलिग्रॅम जस्त, तर याच्यात सुमारे ४५ आणि ३२. हे काम निवड-पैदाशीतून झालं, दाण्यावर बाहेरून काही फवारलेलं किंवा मिसळलेलं नाही. इंग्रजीत याला 'बायोफोर्टिफाइड' म्हणतात.

मराठीत याचं 'जैवसमृद्ध' झालंय. शब्द दिसायला छान आहे, पण मला तो पटत नाही. आपल्याकडे 'जैव' आणि 'जैविक' हे शब्द जैविक खत, जैविक कीडनाशक यांच्यामुळे शेतकऱ्याच्या तोंडी बसलेत. त्यामुळे 'जैवसमृद्ध ज्वारी' ऐकणारा ती बिनरासायनिक शेतीतली समजणार. 'समृद्ध'मध्येही अडचण आहे: कशाने समृद्ध, ते शब्दात नाहीच. 'कसदार' हा अस्सल आपला शब्द. जमिनीचा कस सगळ्यांना कळतो. पण कस म्हणजे एकूण गुण. दोन खनिजं वाढली म्हणून अख्ख्या दाण्याचा कस वाढला असं म्हणणं जरा जास्तच. मी असते तर सरळ लिहिलं असतं: 'लोह व जस्त वाढवलेली ज्वारी'. लांब आहे, पण खोटं नाही. मिठाच्या बाबतीत हे आपल्याला आधीच जमलंय. 'आयोडीनयुक्त मीठ' म्हटलं की काय घातलंय ते कळतं, आणि कोणाला ताकद येणार असला दावाही होत नाही.

'परभणी शक्ती' हे नाव मात्र दावा करतं. बाजरीचं २०१२ साली महाराष्ट्रात आलेलं लोहयुक्त वाण 'धनशक्ती', त्यातही तीच 'शक्ती'. बियाण्याचं नाव आहे, विकायचंय, ठीक आहे. 'परभणी मोती' नावात दाण्याचं रूप आहे आणि ते पोत्यात हात घातला की तपासता येतं. 'शक्ती' तशी तपासता येत नाही. ती दाण्यात मोजलेली नाही. दाण्यात मोजलंय ते लोह. लोहापासून शक्तीपर्यंत बऱ्याच पायऱ्या आहेत आणि संशोधकाला प्रत्येक पायरीवर वेगळा पुरावा द्यावा लागतो.

हिशोब करून बघा. शंभर ग्रॅम पिठाच्या भाकरीत नेहमीच्या ज्वारीतून ३ मिलिग्रॅम लोह, या ज्वारीतून साडेचार. दाण्यातलं सगळं पिठात उतरलं असं धरून. फरक दीड मिलिग्रॅमचा. त्यातलं शरीरात किती शोषलं जाईल हा पुढचा प्रश्न, कारण धान्यातलं फायटेट लोहाला धरून ठेवतं. जेवणासोबत लिंबू असेल तर शोषण वाढतं, चहा असेल तर घटतं. शोषलेलं लोह साठ्यात गेलं का, त्यातून हिमोग्लोबिन वाढलं का, आणि वाढलं तर बाईला रानात कमी दमायला झालं का, हे तीन आणखी वेगळे प्रश्न. 'ज्वारी सशक्त केली' असं एका वाक्यात लिहिलंत की हे सगळे प्रश्न सुटल्यासारखे वाटतात. परीक्षकाने विचारलं, 'सशक्त कोण झालं?' तर काय सांगाल?

नीट केलेलं काम कसं दिसतं, तेही महाराष्ट्रातच बघायला मिळतं. तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या निवासी शाळांमध्ये १२ ते १६ वर्षांच्या २४६ मुलांवर चाचणी झाली. काहींना लोह वाढवलेल्या बाजरीची भाकरी, काहींना साध्या बाजरीची. २०१५ साली निष्कर्ष छापून आले. चार महिन्यांनी पहिल्या गटात फेरिटिन आणि शरीरातलं एकूण लोह जास्त वाढलेलं दिसलं, आणि ज्यांच्यात सुरुवातीला लोहाची कमतरता होती त्यांच्यातली ती सहा महिन्यांत दूर होण्याची शक्यता साधारण दीडपटीहून जास्त निघाली. निष्कर्षाची भाषा लक्षात घ्या: फेरिटिन, कमतरता, महिने. 'मुलं बलवान झाली' असं नाही. आणि हा पुरावा बाजरीचा आहे. तो उचलून ज्वारीच्या नावावर लावू नका. प्रस्तावनेत हे फार चालतं.

तांदळाचं उदाहरण आणखी बोलकं आहे. १५ ऑगस्ट २०२१ रोजी पंतप्रधानांनी सरकारी योजनांमधून फोर्टिफाइड तांदूळ देण्याची घोषणा केली. तांदळाचं पीठ, लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ एकत्र करून यंत्रातून तांदळाच्या आकाराचे दाणे काढतात आणि साधारण शंभर किलो तांदळात एक किलो मिसळतात. मिसळलेल्या तांदळात किलोमागे २८ ते ४२.५ मिलिग्रॅम लोह अपेक्षित असतं. मराठी बातम्यांत याला 'गुणसंवर्धित तांदूळ' म्हणतात. गुण म्हणजे कोणते, संवर्धन कसलं, आणि दाणा वेगळा का दिसतो? यातलं काहीच त्या शब्दातून कळत नाही. मग निवडताना वेगळे दाणे दिसले की 'प्लास्टिकचा तांदूळ आलाय' अशी बोंब होते, देशभर झालीय. याला लोक अडाणी म्हणून हसणारे मला आवडत नाहीत. तांदूळ निवडून खाणाऱ्या बाईने वेगळा दाणा संशयाने बघणं हे तिच्या कामातलं शहाणपणच आहे. 'लोहाचे दाणे मिसळलेला तांदूळ' असं पोत्यावर मराठीत लिहायला काय हरकत होती? निळ्या अक्षरात अधिकचं चिन्ह आणि 'एफ' छापलेलं असतं, ते कोणासाठी?

पुराव्याची बाजूही सांगायला हवी. लोह घातलेल्या तांदळावरच्या चाचण्यांचा कॉक्रेनचा आढावा २०१९ साली आला. त्यानुसार दोन वर्षांवरच्या लोकांमध्ये रक्तक्षयाचा धोका कमी होण्यात फारसा फरक पडत नसावा, आणि हिमोग्लोबिनबद्दल खात्रीने काही सांगता येत नाही. म्हणजे तांदूळ 'फोर्टिफाइड' आहे हे शंभर टक्के खरं आणि खाणारा बळकट झाला हे अजून अनिश्चित, दोन्ही एकाच वेळी.

समजा तुम्हाला हे परभणीहून गंगाखेडच्या वाटेवरच्या पोखर्णीत, नृसिंहाच्या देवळाच्या गावात, घरोघरी विचारायचंय. प्रश्नावलीत 'आपण फोर्टिफाइड अन्नाचे सेवन करता का?' लिहिलंत तर 'हो' आणि 'नाही' दोन्हींचा अर्थ शून्य. 'गुणसंवर्धित' लिहिलंत तरी तेच. असं विचारा: 'राशनच्या तांदळात जरा वेगळे दिसणारे दाणे येतात का? निवडताना त्यांचं काय करता?' ज्वारीसाठी: 'कोणतं वाण पेरलं? भाकर घरच्या ज्वारीची का विकतच्या?' हायब्रीड म्हणाले तर पिशवीवरचं नाव विचारा, कारण बोलताना सगळ्या संकरित ज्वारीला 'हायब्रीड'च म्हणतात.

'दाणे काढून टाकतो' असं उत्तर आलं, तर त्या घरासाठी दोन वेगळे रकाने ठेवा: तांदूळ मिळतो का, आणि ते दाणे पोटात जातात का. पहिल्यात 'हो', दुसऱ्यात 'नाही'. एकच रकाना ठेवलात तर पुढे कितीही भारी सॉफ्टवेअर वापरलं तरी ते घर चुकीच्या गटात बसेल.