डिजिटल स्माईल डिझाइन आणि रुग्णाचे ‘समाधान’ : एक चिकित्सा

प्रस्तावना

दातांचे आरोग्य हा वैद्यकाचा विषय आहे आणि हास्याचे सौंदर्य हा संस्कृतीचा. सौंदर्यप्रधान दंतचिकित्सेत हे दोन्ही विषय एकत्र येतात. गेल्या दोन दशकांत या शाखेत ‘डिजिटल स्माईल डिझाइन’ ही पद्धती रूढ झाली. ब्राझीलचे दंतवैद्य ख्रिश्चन कोचमन यांचे नाव या पद्धतीशी जोडले जाते. त्यांनी व मार्सेलो कालामिता यांनी 2012 मध्ये लिहिलेल्या लेखात ही पद्धती उपचारनियोजनाचे आणि संवादाचे साधन म्हणून मांडली. या पद्धतीच्या यशाचा पुरावा म्हणून ‘रुग्णाचे समाधान’ हा निकष वारंवार पुढे केला जातो. प्रस्तुत लेखात या निकषाची चिकित्सा करण्याचा आणि धाराशिव (उस्मानाबाद) जिल्ह्यासारख्या प्रदेशात तो कितपत पुरेसा ठरतो हे पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

पद्धतीचे स्वरूप

या पद्धतीत रुग्णाच्या चेहऱ्याची छायाचित्रे व चित्रफीत घेतली जाते. संगणकावर चेहऱ्याची मध्यरेषा, डोळ्यांची आडवी रेषा, ओठांची ठेवण यांच्या संदर्भात दातांची लांबी, रुंदी व आकार आखले जातात. त्यानंतर तात्पुरते रेझिन रुग्णाच्या दातांवर बसवून भावी हास्याचा नमुना दाखवला जातो. रुग्णाची संमती मिळाल्यावर प्रत्यक्ष उपचार होतात. या पद्धतीचे गुण नाकारण्याचे कारण नाही. पूर्वी वैद्याच्या मनात असलेले चित्र रुग्णाला दिसत नसे, आता ते दिसते. तात्पुरता नमुना काढून टाकता येतो, त्यामुळे रुग्णाला नकार देण्याची संधी मिळते. संवादाचे साधन म्हणून हा निश्चितच पुढचा टप्पा होय.

अपेक्षा आणि मोजमाप

समाधान म्हणजे अपेक्षा व अनुभव यांच्या तुलनेतून निष्पन्न होणारा निवाडा, असे ग्राहकवर्तनाच्या अभ्यासात रिचर्ड ऑलिव्हर यांनी 1980 मध्ये मांडले. हा विचार प्रस्तुत विषयाला लावला असता एक अडचण ध्यानात येते. येथे अपेक्षा रुग्ण घरून घेऊन येत नाही, तर तिची बरीचशी घडण संगणकाच्या पडद्यावर होते. उपचारानंतर प्रश्नावलीतून विचारले जाते ते त्या चित्राशी जुळणीविषयी. ज्याने अपेक्षा निर्माण केली त्यानेच ती पूर्ण केली आणि त्यानेच समाधान मोजले, असे हे वर्तुळ आहे. शिवाय प्रश्न बहुधा उपचार संपल्यावर लगेच विचारला जातो. व्हिनियरसाठी अनेकदा दाताच्या कवचाचा मिलिमीटरच्या काही दशांशांइतका थर घासावा लागतो आणि तो पुन्हा वाढत नाही. व्हिनियर कालांतराने तुटते, सुटते वा बदलावे लागते. पहिल्या महिन्यातील हास्याला दहाव्या वर्षाचा हिशेब ठाऊक नसतो.

‘समाधान’ या शब्दाचे तीन अर्थ

मराठी प्रश्नावलीत ही अडचण अधिक गुंतागुंतीची होते. मराठीत समाधान ‘होते’, समाधान ‘मानले’ जाते आणि समाधान ‘केले’ही जाते. पहिल्यात तृप्ती आहे, दुसऱ्यात तडजोड आहे आणि तिसऱ्यात दुसऱ्याने घातलेली समजूत आहे. ‘आपण उपचाराबाबत समाधानी आहात काय?’ या प्रश्नाला ‘होय’ असे उत्तर आले, तर या तिहींपैकी नेमके काय घडले हे आकड्यावरून कळत नाही. ग्रामीण भागात डॉक्टरांविषयी आदर असतो. खर्च झालेला असतो, घरच्यांनी पैसे उभे केलेले असतात. अशा वेळी ‘नाही’ म्हणणे म्हणजे डॉक्टरांना नावे ठेवणे आणि घरच्यांना दुखावणे, असे रुग्णास वाटणे स्वाभाविक आहे. म्हणून प्रश्नावलीचा केवळ शब्दशः अनुवाद पुरेसा ठरत नाही. ‘हेच उपचार पुन्हा घ्याल काय?’, ‘धाकट्या बहिणीला सुचवाल काय?’ असे प्रश्न अधिक बोलके ठरतील.

सौंदर्याचे बदलते मानदंड

एकेकाळी महाराष्ट्रात सुवासिनीने दातवण लावून दात काळे करणे हे सौंदर्याचे व सौभाग्याचे लक्षण मानले जाई. आज तेच दात वैगुण्य ठरतील. दातांच्या आदर्श प्रमाणासाठी ‘सुवर्ण गुणोत्तर’ सांगितले जाते. लोम्बार्डी यांनी 1973 मध्ये व लेविन यांनी 1978 मध्ये ते दंतचिकित्सेत चर्चेत आणले. मात्र प्रेस्टन यांच्या 1993 च्या अभ्यासात नैसर्गिक दातांमध्ये हे गुणोत्तर अल्प प्रमाणातच आढळले. तात्पर्य, पडद्यावरील रेषा निसर्गनियम नव्हेत. त्या एका काळाची अभिरुची आहेत. ही अभिरुची वधुपरीक्षेच्या बैठकीत मुलीच्या हसण्यावरून शेरा होऊन उतरते, तेव्हा रुग्णाची ‘इच्छा’ कितपत तिची स्वतःची, हा प्रश्न समीक्षकाला टाळता येत नाही.

धाराशिव जिल्ह्याचा संदर्भ

आठ तालुक्यांचा हा जिल्हा अवर्षणप्रवण आहे. 2018 मध्ये केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत त्याचा समावेश झाला. पाण्यासाठी विंधनविहिरींवरील अवलंबन येथे नवे नाही. दातांवरील डाग मुख्यतः दोन प्रकारचे असतात आणि त्यांतील फरक येथे महत्त्वाचा आहे. मशेरी, तंबाखू व गुटखा यांचे डाग वरवरचे असतात. दात साफ करून घेतल्यास ते बहुतांशी जातात. पाण्यातील अतिरिक्त फ्लोराइडमुळे पडणारे डाग मात्र कवचाच्या घडणीतच असतात, कारण बालवयात दात घडत असतानाच ते निर्माण होतात. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरमागे 1 मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि पर्यायी स्रोत नसल्यास 1.5 मिलिग्रॅमपर्यंत चालेल, अशी भारतीय मानकाची मर्यादा आहे. भारतात या विकाराची नोंद 1937 मध्ये नेल्लोर भागातून झाली, तर राष्ट्रीय नियंत्रण कार्यक्रम 2008-09 मध्ये सुरू झाला.

वरवरचे डाग असलेल्या व्यक्तीस व्हिनियरची आवश्यकता नसते. सौम्य फ्लोरोसिसमध्येही सूक्ष्म घर्षण, विरंजन, रेझिन भरणे असे कमी हानीचे उपाय आधी विचारात घेता येतात. हे पर्याय सांगितलेच नाहीत आणि थेट पडद्यावरचे शुभ्र हास्य दाखवले, तर रुग्णाची निवड मोकळी राहत नाही. थोरल्या बहिणीचे दात शुभ्र झाले आणि धाकटी त्याच विंधनविहिरीचे पाणी पीत राहिली, तर समाधानाच्या तक्त्यात ही गोष्ट कोठेही दिसणार नाही. त्याचप्रमाणे खर्च ऐकून परतलेला रुग्ण प्रश्नावलीपर्यंत पोहोचतच नाही. जो आत आला त्याचेच समाधान मोजले जाते.

कायद्याची बाजू

सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात सशुल्क वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आणली. 2008 च्या समीरा कोहली खटल्यात उपचारांचे स्वरूप, पर्याय व धोके सांगून घेतलेल्या संमतीचे महत्त्व न्यायालयाने स्पष्ट केले. या दृष्टीने पाहता पडद्यावरील चित्राला मिळालेली पसंती म्हणजे संमती नव्हे. संमती ही घासल्या जाणाऱ्या दातालाही लागते, आणि ती रुग्णाला समजणाऱ्या मराठीत घेतली गेली पाहिजे.

निष्कर्ष

डिजिटल स्माईल डिझाइन हे संवादाचे उपयुक्त साधन आहे. परंतु उपचारानंतर लगेच विचारलेले ‘समाधान’ हा त्याच्या यशाचा पुरेसा पुरावा नाही. या विषयावर अभ्यास करणाऱ्यांनी पुढील चार गोष्टी पाळाव्यात असे सुचवावेसे वाटते. पहिली, चित्र दाखवण्यापूर्वीच रुग्णाची अपेक्षा त्याच्याच शब्दांत नोंदवावी. दुसरी, समाधान उपचारानंतर लगेच, एका वर्षाने व पाच वर्षांनी विचारावे, आणि ते उपचार करणाऱ्याखेरीज अन्य व्यक्तीने विचारावे. तिसरी, सांगितलेल्या पर्यायांची व परतलेल्या रुग्णांची नोंद ठेवावी. चौथी, चावणे, संवेदनशीलता व दुरुस्तीचा खर्च यांचा हिशेब हास्याच्या गुणांशेजारी मांडावा. आपल्या महाविद्यालयांतील समाजशास्त्र, गृहविज्ञान, रसायनशास्त्र व मराठी या विभागांना दंतवैद्यांच्या सहकार्याने हे काम करता येण्याजोगे आहे. रसायनशास्त्राने गावचे पाणी तपासावे, मराठीने प्रश्न नीट घडवावा. समाधान झाले, मानले की केले गेले, हे वेगळे करता आले तरच त्या आकड्याला अर्थ प्राप्त होईल.