फूटपट्टी कधीची?

वाईला शिक्षकांच्या एका बैठकीत एका बाईंनी आमच्यापुढे कागद ठेवला. वय 10 वर्षे, मानसिक वय 8 वर्षे, बुद्धिगुणांक 80. चाचणी बिने-कामत. ती घेणारी विद्यार्थिनी मानसशास्त्रात एम.ए. करत होती. प्रश्न कसे विचारायचे, 8 ला 10 ने भागून 100 ने कसे गुणायचे, हे तिला चोख येत होते. ही प्रमाणके कोणत्या काळातील मुलांवरून काढली, हे मात्र तिला कोणी विचारलेच नव्हते. आमची तक्रार तिच्याविषयी नाही. पदव्युत्तर प्रात्यक्षिकांच्या पद्धतीविषयी आहे.

शाळेत ज्यांना जादा मदत हवी अशी मुले ओळखण्यासाठी बिने आणि सिमाँ यांनी 1905 साली पॅरिसमध्ये ही मोजणी सुरू केली. टर्मन यांनी 1916 मध्ये ती अमेरिकेसाठी बेतली. तिच्या आधारे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी धारवाडच्या मुलांवर काम करून मराठी व कानडी चाचणी सिद्ध केली; त्यांचे पुस्तक 1940 चे. त्या काळी हे काम थोरच होते. पण फूटपट्टी मुलांवरूनच आखलेली असली, की मुले बदलल्यावर तीही बदलावी लागते. जेम्स फ्लिन यांनी 1984 मध्ये दाखवले, की अमेरिकेत 1932 ते 1978 या काळात सरासरी सुमारे 14 गुणांनी वाढली होती. म्हणजे जुन्या प्रमाणकांवर आजचे मूल फुगीर गुण मिळवू शकते आणि मदतीची गरज असूनही सवलतीला मुकते. उलट, जुनाट झालेला शब्द विचारला तर हुशार मूलही अडखळेल. भारतात नेमका किती फरक पडला असेल, हे अमेरिकेच्या आकड्यावरून ठरवता येणार नाही. त्यासाठी इथलीच मुले पुन्हा तपासायला हवीत. शिवाय वयाच्या भागाकाराऐवजी समवयस्कांच्या सरासरीपासूनचे अंतर मोजण्याची रीत वेक्सलर यांनी 1939 मध्येच रुजवली.

मराठी विश्वकोश ज्या गावात घडला, तिथे परिभाषेची सबब चालायची नाही. ‘प्रमाणीकरण’ हा शब्द विद्यार्थ्यांना पाठ असतो. तो वापरून एखाद्या चाचणीची उलटतपासणी करा, असे तोंडी परीक्षेत त्यांना क्वचितच सांगितले जाते.

बाईंना आम्ही सुचवले, की अलीकडच्या प्रमाणकांची चाचणी अनुभवी तज्ज्ञाकडून करून घ्या आणि मुलाच्या वह्या सोबत न्या. त्यांनी कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला. पालकांना तो अजून दाखवलेला नव्हता.