भावना आणि ज्ञान यांचे दमन : तीन डिस्टोपियन कादंबऱ्या व ‘स्त्री-पुरुष तुलना’

प्रस्तावना :
सुव्यवस्थेच्या नावाखाली माणसाचे माणूसपण हिरावून घेणाऱ्या समाजाचे चित्रण करणाऱ्या साहित्यास ‘डिस्टोपिया’ म्हणतात. जॉर्ज ऑर्वेल यांची ‘नाइन्टीन एटी-फोर’ (१९४९), रे ब्रॅडबरी यांची ‘फॅरनहाइट ४५१’ (१९५३) व लोइस लाउरी यांची ‘द गिव्हर’ (१९९३) या अशा कादंबऱ्या होत. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांच्या ‘स्त्री-पुरुष तुलना’ (१८८२) या निबंधाच्या संदर्भात त्यांचा विचार येथे केला आहे.

विवेचन :
ऑर्वेल यांच्या कादंबरीत शब्दसंग्रह आक्रसवून विचारच अशक्य केला जातो. अखेरीस नायकाचे प्रेमही मोडून काढले जाते. लाउरी यांच्या समाजात गोळ्या देऊन वासना शमविल्या जातात आणि गतकाळाच्या स्मृती एकाच व्यक्तीकडे सोपविल्या जातात. जोनासला त्या स्मृती मिळतात, तेव्हाच आपले वडील अर्भकाला निर्विकारपणे मारतात याचा अर्थ त्याला कळतो. ज्याला जाणवते त्यालाच कळते, हे या कादंबऱ्यांचे समान सूत्र आहे.

ताराबाईंच्या निबंधालाही हेच सूत्र लागू पडते. १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेस अर्भकहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढे ती कमी करण्यात आली. पुनर्विवाह नाकारणारा समाजच त्या स्त्रीला दोषी ठरवीत होता. ताराबाईंचा संताप या विसंगतीवर बोट ठेवतो. त्यांच्याकडे भावना ही युक्तिवादाची मारक नसून प्रेरक आहे.

‘स्त्री-पुरुष तुलना’ ही कादंबरी नव्हे आणि तिच्यातील समाज काल्पनिकही नव्हे, हा भेद मान्य केलाच पाहिजे. परंतु तोच येथे महत्त्वाचा ठरतो. ऑर्वेल व लाउरी यांना दमनासाठी सत्तायंत्रणा कल्पावी लागली. ताराबाईंसमोर केवळ रूढी होती. महात्मा फुले यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’मधून ताराबाईंची बाजू घेतली. तरीही हा ग्रंथ विस्मृतीत गेला. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी तो पुन्हा प्रकाशात आणला. ताराबाईंचे दुसरे पुस्तक मात्र आढळत नाही.

या ग्रंथाची होळी कोणी केली नाही. तो वाचला गेला नाही, इतकेच. म्हणूनच तिन्ही कादंबऱ्यांत ब्रॅडबरी आपल्या अनुभवाच्या अधिक निकट वाटतात. पुस्तके जाळण्याआधी लोकांनीच वाचणे सोडले होते, हे त्यांच्या कादंबरीतील अग्निदलप्रमुख बीटी स्पष्ट करतो. कादंबरीच्या अखेरीस पुस्तके मुखोद्गत करून जपणारी माणसे भेटतात. मालशे यांचे कार्य त्याच जातीचे होय.

निष्कर्ष :
ज्ञानाच्या दमनास जुलमी राजवट लागतेच असे नाही. उदासीनताही पुरेशी ठरते. मेहकर तालुक्यातील डोणगावच्या विद्यार्थ्याला डिस्टोपिया हा परकीय कल्पनाविलास वाटू नये, असे वाटत असेल, तर त्याच्याच जिल्ह्यात लिहिला गेलेला हा निबंध या कादंबऱ्यांशेजारी ठेवून शिकविला पाहिजे. ते दायित्व अध्यापकांचे आहे.