श्रेयांक-पद्धती आणि विद्यार्थ्याच्या अध्ययनाचे मूल्यमापन

विद्यापीठीय शिक्षणात एकच सुधारणा सुचवावयाची झाल्यास ती परीक्षांची असावी, असा अभिप्राय राधाकृष्णन आयोगाने १९४९ साली आपल्या अहवालात नोंदविला होता. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५ साली पुरस्कारिलेली निवडाधारित श्रेयांक-पद्धती हे त्या दिशेने पडलेले एक महत्त्वाचे पाऊल होय. अखेरच्या एका परीक्षेवर सर्वस्वी विसंबून न राहता सत्रभर मूल्यमापन चालावे, हा तिचा हेतू स्तुत्यच आहे. तथापि या पद्धतीत नेमके मोजले काय जाते, याची छाननी होणे अगत्याचे आहे.

श्रेयांक हे मूलतः कालाचे माप आहे. सत्रभर आठवड्यास एक तास व्याख्यान अथवा दोन तास प्रात्यक्षिक म्हणजे एक श्रेयांक, अशी २०१५ च्या मार्गदर्शक सूत्रांतील व्याख्या आहे. अध्यापनास किती वेळ दिला गेला, हे त्यावरून कळते; अध्ययन कितपत झाले, हे सांगण्याचा भार श्रेणीवर पडतो. तो तिला पेलतो काय?

समजा, एका विद्यार्थ्याने साहित्यशास्त्राच्या दोन अभ्यासपत्रिकांत प्रत्येकी १० आणि भाषाविज्ञानाच्या दोहोंत प्रत्येकी ४ श्रेणीबिंदू मिळविले. दुसऱ्याने चारही पत्रिकांत प्रत्येकी ७. श्रेयांक समान असल्यास दोघांचीही सत्र-सरासरी ७ च येते. पहिला एका विषयात सर्वोत्कृष्ट, तर दुसऱ्यात जेमतेम उत्तीर्ण आहे, ही गोष्ट सरासरीत लोपून जाते. शिवाय श्रेणी हा क्रम आहे, परिमाण नव्हे. ४ आणि ५ यांतील अंतर ९ आणि १० यांतील अंतराएवढेच आहे, असे गृहीत धरूनच ही बेरीज केली जाते.

त्यातच उत्तीर्णतेची मर्यादा ठरविण्याची मुभा त्याच सूत्रांनी विद्यापीठांस दिली. २०२१ च्या विनियमांनी श्रेयांक-पेढी स्थापून श्रेयांक एका संस्थेतून दुसरीत नेण्याची सोय केली. परंतु श्रेणीचा अर्थ त्यांच्याबरोबर जाईलच, याची हमी त्यातून मिळत नाही.

म्हणून सरासरी टाकून द्यावी असे नव्हे. तिच्यावर सोपविलेला भार हलका करावयास हवा. अपरिचित कवितेचे विवेचन करता येणे, अपरिचित बोलीच्या नमुन्यातील स्वनिम निश्चित करता येणे, अशी प्रत्येक पत्रिकेची उद्दिष्टे आधी शब्दांत मांडली जावीत, प्रश्न त्यांवर बेतले जावेत आणि गुणपत्रकात त्यांची स्वतंत्र नोंद व्हावी. एरवी परीक्षेचे केवळ नाव पालटेल; आयोगाने १९४९ साली मांडलेला प्रश्न तसाच उरेल.